मैदानांतील गाण्याचा एक दिवस

विद्यार्थिमित्रहो, आणि हा अंक घरीं पोंचल्यावर तो मुलांच्याही आधीं वाचून काढणारे पालकहो,

"गाणें ऐकावयाचें तर तें घरबसल्या ऐकतां येतें, त्यासाठीं नगराहून पुण्यापर्यंत जावें, उघड्या मैदानांत जमिनीवर बसावें आणि सबंध दिवस घालवावा, याचें प्रयोजन काय?" असा प्रश्न आमच्या शाळेंत डिसेंबरच्या सहलीची गोष्ट निघाली कीं हटकून विचारला जातो. प्रश्न खोटा नाहीं. खिशांत मावणाऱ्या यंत्रांत आज जितकें गाणें सांठविलेलें असतें तितकें पूर्वीं मोठमोठ्या संस्थानिकांच्या पदरींही नव्हतें. नको तें पुढें ढकलावें, आवडेल तें पुन्हां लावावें, कंटाळा आला कीं बंद करावें. ऐकणारा राजा आणि गाणारा चाकर! तरीही आमचें मत असें आहे कीं, आपल्या शाळेनें दरवर्षीं आठवी ते दहावीच्या मुलामुलींस पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवास एक दिवस न्यावें, आणि तोही सबंध दिवस; दुपारच्या आरंभापासून रात्रीं दहापर्यंत, मध्येंच उठून न येतां. "सबंध" हा शब्द मुद्दाम घातला आहे. आमचा सर्व आग्रह त्या एका शब्दासाठीं आहे.

प्रथम या महोत्सवाची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. कारण सवाई गंधर्व हें नांव पुष्कळांस ठाऊक असलें तरी तो मनुष्य थोड्यांस ठाऊक असतो. त्यांचें खरें नांव रामचंद्र गणेश कुंदगोळकर. ते धारवाड जिल्ह्यांतील कुंदगोळचे राहणारे व किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब यांचे शिष्य. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून त्यांनीं मोठा लौकिक मिळविला आणि पुढें कुंदगोळास राहून शिष्य तयार केले. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी हीं त्यांतील सर्वांस परिचित अशीं नांवें होत. १२ सप्टेंबर १९५२ रोजीं सवाई गंधर्व वारले. दुसऱ्या वर्षीं, १९५३ सालीं, त्यांच्या स्मरणार्थ भीमसेनांनीं पुण्यांत संगीतसभा भरविली. तीच ही सभा. आर्य संगीत प्रसारक मंडळ ती भरवितें. पुष्कळ वर्षें ती रमणबागेंतील न्यू इंग्लिश स्कूलच्या पटांगणांत होत असे. अलीकडे ती मुकुंदनगरांत महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरते. भीमसेन हे तिचे मुख्य गायक तर खरेच, पण तिच्या व्यवस्थेंतही ते आयुष्यभर राबले. २४ जानेवारी २०११ रोजीं ते निवर्तल्यावर गुरूच्या नांवाशेजारीं शिष्याचें नांव जोडलें गेलें व सभेस आजचें नांव मिळालें.

हे भीमसेन गदगचे. वयाच्या अकराव्या वर्षीं गुरूच्या शोधासाठीं ते घरांतून निघाले आणि उत्तर हिंदुस्थानांत ग्वाल्हेर, जालंदर असें दूरदूर हिंडले. शेवटीं गुरु भेटला तो घराजवळच्या कुंदगोळास. (हें वाचून आमच्या एकाही विद्यार्थ्यानें असा प्रयोग करूं नये. आगगाडीचे तिकीट-तपासनीस आतां गाणें ऐकून कोणास सोडीत नाहींत.) ज्या मुलास गाणें ऐकण्यासाठीं इतकें हिंडावें लागलें, त्यानें पुढें थोर कलावंत आणून एका मैदानांत बसविले आणि सामान्य मनुष्यास परवडेल अशी भुईवरची जागा करून दिली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

गाणें मैदानांत येण्यास फार दिवस लागले. एके काळीं तें राजवाड्याच्या दिवाणखान्यांत व श्रीमंतांच्या बैठकींत असे. देवळांत व दर्ग्यांत तें सर्वांस मोकळें होतें खरें. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यांत, जेथें अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे तेथें, उरुसाच्या वेळीं त्यांच्या स्मरणार्थ गवई आजही चिंचेच्या झाडाखालीं बसून हजेरी लावितात. परंतु ज्याला जी कला आवडेल त्यानें तिकीट काढून समोर बसावें, मग तो कोणीही असो, ही रीति रूढ करण्यास विष्णु दिगंबर पलुसकरांसारखे लोक खपले. त्यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिलें आणि गवयास समाजांत मानानें बसविलें. पुढें अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनीं तिकीट लावून जाहीर जलसे केले. स्त्रीनें चारचौघांसमोर बसून गावें ही गोष्ट त्या वेळीं सहज खपणारी नव्हती. आमच्या ज्या विद्यार्थिनी आज स्नेहसंमेलनांत पेटी पुढें ओढून बिनदिक्कत गातात, त्यांच्या पालकांनीं हें नांव घरीं एकदां तरी घ्यावें.

आतां सबंध दिवसाकडे वळूं.

आपल्या संगीतांत रागांस वेळा नेमून दिलेल्या आहेत, हें तुम्ही ऐकलेंच असेल. बरेच विद्यार्थी तो एक जुना संकेत समजून सोडून देतात. आणि दुपारीं दोन वाजतां यंत्रावर मालकंस लावला असतां कांहीं आकाश कोसळत नाहीं, हें तर आम्हांसही कबूल आहे. पण या संकेताच्या पोटांत एक गंमत आहे, व ती शाळेच्या प्रार्थनेच्या पेटीवर कोणासही पडताळून पाहतां येईल. पांढरी एक हा षड्ज धरा. दुपार कलूं लागली कीं भीमपलासाची वेळ होते. त्यांत गंधार व निषाद कोमल, म्हणजे काळी दोन व काळी पांच. बाकीचे स्वर शुद्ध. चढतांना रिषभ व धैवत गाळावयाचे, उतरतांना घ्यावयाचे. आतां केवळ निषाद शुद्ध करा, काळी पांच सोडून पांढरी सात दाबा, पटदीप झाला. त्यांत मध्यम तीव्र करा, पांढरी चार सोडून काळी तीन घ्या, मधुवंती झाली. रिषभ व धैवत कोमल करा, मुलतानी! चढतांना तेच दोन स्वर गाळण्याची रीति या चारही रागांत सारखीच आहे. येथपर्यंत ऊन तिरपें झालेलें असतें. मग गंधार तेवढा कोमलाचा शुद्ध केला कीं मुलतानीच्या स्वरांतून पूरिया धनाश्रीचे स्वर निघतात, आणि ही तर सूर्यास्ताची वेळ. धैवत शुद्ध केला कीं पूरिया कल्याण. शेवटीं रिषभही शुद्ध केला कीं यमन, आणि मंडपांतले दिवे लागलेले!

राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे. त्याची चाल, ठहराव व स्वर लावण्याची रीत हीं निराळीं असतात, आणि मुलतानीचा गंधार पेटीच्या काळी दोनमध्यें बसत नाहीं असें जाणते सांगतात तें खरें आहे. पण नवशिक्या कानास एवढी शिडी पुरे. उन्हें उतरत असतां एकेक स्वर आपली जागा बदलतो, आणि तीन-चार तासांत सर्व घराची मांडणी बदलून जाते. आतां विचारा, ही गोष्ट घरबसल्या कां कळत नाहीं? घरीं आम्ही यमन ऐकतों, मुलतानी ऐकतों; पण एकाच बैठकींत, आपल्या अंगावरचें ऊन सरकत असतां, पाठीशीं गारवा येत असतां, एकामागून एक असें ऐकत नाहीं. मधला तुकडा गाळला कीं शिडीची एक पायरी जाते आणि कानास उडी मारावी लागते. हें समजावून सांगण्यास आम्हांस वर्गांत आठ तास लागतील, आणि तरी तें अर्धेंच समजेल.

महोत्सवांत कलावंत या क्रमानें गातातच असें मात्र समजूं नये. ज्याला जो राग त्या दिवशीं गावासा वाटेल तो तो गातो; कधीं दोघांनीं यमनच धरिला असें होतें, आणि कधीं मध्येंच सतार किंवा संतूर येऊन सर्व हवा पालटून जाते. तरी वेळेचें भान बहुतेक जण ठेवितात. बहुधा रविवारीं सभा दुपारीं बाराच्या सुमारास सुरू होते. तेव्हां शुद्ध सारंग किंवा वृंदावनी सारंग कानीं पडण्याचा संभव असतो. म्हणूनच मुलांस न्यावयाचें तर रविवारीं न्यावें, असें आम्ही सुचवितों.

दिवसभर बसण्यांत आणखी एक लाभ आहे. कित्येकांस तो तोटा वाटेल. जें आपणांस आवडत नाहीं तेंही ऐकावें लागतें. सात-आठ कलावंतांपैकीं दोघे मनास भिडतात, तिघे बरे वाटतात, आणि उरलेल्यांच्या वेळीं मनुष्य खांब मोजतो. पण खांब मोजतां मोजतां कानावर जें पडतें तें वाया जात नाहीं. विलंबित ख्याल पहिल्यानें ऐकणाऱ्या मुलास वाटतें कीं, गवई अद्याप सुरूच करीत नाहीं! पाव तासानें ध्यानांत येतें कीं, तबल्याचा ठेका फिरून पुन्हां त्याच जागीं येतो, आणि गवई किती दूर गेला तरी त्या जागीं बरोबर भेटतो. ही भेट एकदां ओळखूं आली कीं मुलाची मान आपोआप हालते. आपण समेवर आलों हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. आमच्या वर्गांत चाळीस मिनिटांनीं घंटा होते, यंत्रावरचें गाणें चार मिनिटांत संपतें. एका गोष्टीस दीड तास देण्याचा प्रसंग आमच्या मुलांवर येतो कोठें?

येथें कोणी म्हणेल, नगर जिल्ह्यांतील मुलांचा हा पिंड नव्हे. त्यांना इतका वेळ बसवणार नाहीं. हें म्हणणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ज्या जिल्ह्यांतील नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ज्याच्या गांवोगांव अखंड हरिनाम सप्ताहाचे मंडप पडतात, ज्याच्या रस्त्यांनीं त्र्यंबकेश्वराहून पंढरीस जाणारी निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षीं टाळमृदंगाच्या नादांत जाते, त्या जिल्ह्याच्या मुलांस मंडपांत मांडी घालून बसण्याचें शिक्षण पुण्यानें द्यावयाचें? रेव्हरंड नारायण वामन टिळक याच नगरांत राहिले व भजन-कीर्तनाची देशी रीति त्यांनीं आपल्या कार्यांत आणिली; कारण येथील लोक उभें राहून व्याख्यान ऐकण्यापेक्षां बसून कीर्तन ऐकणारे आहेत हें त्यांनीं ओळखलें होतें. आमच्या मुलांपैकीं पुष्कळांच्या आजोबांनीं सप्ताहांत पहांटेचा काकडा व रात्रीचें कीर्तन एकाच जागीं बसून ऐकलेलें आहे. बैठक आहे ती आपल्या घरचीच. तीवर थोडी धूळ बसली आहे इतकेंच.

उघड्यावरच्या गाण्याची स्वतःची अडचण असते, तीही मुलांनीं डोळ्यांनीं पाहावी. तंबोऱ्याच्या तारा थंडीनें ताणल्या जातात व उन्हानें सैल पडतात; तबल्याचें कातडें दमट हवेनें उतरतें. म्हणून एक कलावंत उठून दुसरा बसला कीं जुळवाजुळवीस वेळ लागतो. अधीर श्रोते त्या वेळेस चहाला जातात. आमच्या मतें त्यांनीं तेवढेंच सोडूं नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोऱ्याचा बारीक तुकडा मागेंपुढें सरकवून जवारी काढितात, आणि निर्जीव वाटणारी तार एकाएकीं गुंजूं लागते. आमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत "उपस्वर" म्हणून जो धडा आहे तो येथें कोणी न शिकवितां समजतो. ते तंबोरेही बहुधा मिरजेचे; भोपळ्यापासून तंबोरा करणारे कारागीर तेथें पिढ्यान्पिढ्या आहेत.

चहाचा विषय निघालाच आहे तर सांगतों. मैदानाच्या कडेला खाद्यपदार्थांचीं दुकानें असतात, आणि बटाटेवड्याचा वास मंद्र सप्तकापेक्षां लवकर पोंचतो. मुलांनीं खुशाल खावें. परंतु दोन गाण्यांच्या मध्यें. गाणें चालू असतां रांगेंतून वाट काढीत, लोकांच्या गुडघ्यांवरून पाय टाकीत, हातांत बशी घेऊन येणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत, आणि ते सर्व शिकलेले होते. पुस्तकें, ध्वनिमुद्रणें, गवयांचीं छायाचित्रें हींही तेथें पाहावयास मिळतात. हातांतील यंत्र उंच धरून सबंध गाणें टिपणाऱ्यांबद्दल आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, जें घरीं ऐकावयाचें आहे त्यासाठीं येथें कशास यावें? मागें बसलेल्या मनुष्यास मात्र गवयाऐवजीं त्या लहानशा पडद्यावरील गवई पाहावा लागतो.

आतां रात्रीं दहाची गोष्ट. ती आम्हीं शेवटीं ठेविली. कारण तिच्यावर आमच्याच मित्रमंडळींत मतभेद आहे.

हा महोत्सव पूर्वीं रात्रभर चाले. तीन रात्री लोक घोंगड्या-शाली घेऊन बसत आणि पहांटे घरीं जात. मध्यरात्रीनंतर दरबारी, मालकंस. मग झुंजुमुंजु होतां होतां ललित, आणि उजाडतां भैरव-तोडी. तें ज्यांनीं ऐकलें आहे ते आज साठी-सत्तरीचे झाले आहेत आणि त्या रात्रींविषयीं बोलूं लागले कीं थांबत नाहींत. पुढें ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं झाले. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवूं नये असें त्यांत ठरलें. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं हें बंधन उचलून धरिलें. सरकारास वर्षांतून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपावेतों सूट देतां येते, पण पहांटेपर्यंत नाहीं. त्यामुळें रात्रीच्या तीन बैठका जाऊन दुपार-संध्याकाळच्या अधिक बैठका आल्या. जुने श्रोते म्हणतात, गाण्यावर हा अन्याय झाला. ललित आतां मैदानांत ऐकावयास मिळणार कोठें?

नुकसान झालें आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. रात्र सरतांना पूर्वेकडे पाहात ऐकलेल्या ललिताची बरोबरी दुसऱ्या कशानेंही होणार नाहीं; सकाळची निराळी बैठक भरविली तरी रात्रभर जागलेला कान तेथें नसतो. तरीही नियम योग्य आहे असेंच आम्ही म्हणूं. मैदानाभोंवतीं घरें आहेत. त्या घरांत आजारी मनुष्य असेल, तान्हें मूल असेल, दुसऱ्या दिवशीं परीक्षा असलेला मुलगा असेल. भिंती नसलेल्या जागीं ध्वनि चहूंकडे पसरतो. शिवाय थंडीच्या रात्रीं जमिनीलगतची हवा गार व वरची हवा तिच्याहून उष्ण होते. त्यामुळें वर जाणारा ध्वनि पुन्हां खालीं वळतो आणि दिवसा जेथें ऐकूं येत नाहीं तेथेंही रात्रीं स्पष्ट ऐकूं येतो. नगरच्या माळावर डिसेंबरांत रात्रीं दूरच्या गांवचें भजन ऐकूं येतें तें यामुळेंच. वस्तीच्या भागांत नियमानें दिवसा ५५ डेसिबल व रात्रीं ४५ डेसिबल अशी आवाजाची मर्यादा घातली आहे. थोर गवयाचा स्वर असला तरी ज्याला झोंप हवी आहे त्याला तो स्वर नको आहे, आणि नको म्हणण्याचा त्याला अधिकार आहे.

आणि या बंधनानें एक गोष्ट अशी घडली कीं जी कोणी योजिली नव्हती. रात्रभर चालणाऱ्या सभेस शाळेंतील मुलें नेणें अशक्य होतें. दुपारच्या सभेस नेतां येतें. पूर्वीं भीमपलास, पटदीप, मधुवंती, मुलतानी हे दुपारचे राग या सभेंत क्वचित् येत, कारण सभा भरे तेव्हां त्यांची वेळ टळलेली असे. आतां त्यांना हक्काची जागा मिळाली. वर जी स्वरांची शिडी सांगितली ती रात्रीच्या सभेंत चढतां येत नव्हती. आमच्या मित्रांनीं ललितासाठीं जरूर हळहळावें, पण मुलतानीच्या वेळीं तेथें हजर राहून हळहळावें.

यांतूनच आमच्या गांवासंबंधीं एक रोखठोक गोष्ट बोलावयाची आहे. भीमसेनांनीं उभी केलेली सभा, जेथें हजारों लोक आपखुशीनें ऐकावयास येतात, ती घड्याळ पाहून थांबते. आमच्या गल्लीतील वरात थांबत नाहीं! नवरदेव घोड्यावर, पुढें डीजेची गाडी, तिच्या धक्क्यानें खिडकीचीं तावदानें थरथरतात, आणि दहावीचा विद्यार्थी कानांत कापूस घालून बीजगणित करितो. जत्रा असो, जयंती असो, मिरवणूक असो, "वर्षांतून एकदांच तर आहे" हें उत्तर ठरलेलें. अशा "एकदांच"ची बेरीज पालकांनीं एकदां करून पाहावी. शाळेजवळ व इस्पितळाजवळ शंभर मीटरपर्यंत शांतता-क्षेत्र जाहीर करतां येतें हेंही पुष्कळांस ठाऊक नाहीं, किंवा ठाऊक असून नाहीं. हें बोलणें आम्हीं पोलिसांकडे पाहून करीत नाहीं. जे पालक हा अंक वाचीत आहेत त्यांच्यापैकीं कोणाच्या घरीं येत्या उन्हाळ्यांत लग्न असेल, त्यांच्याकडे पाहून करितों. पुण्याहून परत आलेल्या मुलानें घरीं बापास विचारलें, "बाबा, तेथें दहाला थांबले, आपण कां नाहीं?", तर सहलीचा खर्च वसूल झाला असें आम्ही समजूं.

खर्चाचें म्हणाल तर कोचावरच्या व खुर्चीवरच्या जागा महाग असतात, भुईवरची बैठक स्वस्त. मुलांस भुईच बरी. पाय आखडले तर मांडी बदलतां येते आणि झोंप आलीच तर शेजाऱ्याच्या खांद्यावर लवंडतां येतें. नगर-पुणें अंतर सुमारें एकशेंवीस किलोमीटर; सकाळीं आठाला निघालें तर सुपें, शिरूर करीत वेळेवर पोंचतां येतें. गरीब मुलांचा भार शाळेनें उचलावा. ज्यांचे आईबाप ऊसतोडीवर गेलेले असतात व जीं त्या दिवसांत वसतिगृहांत एकटीं पडतात, तीं मुलें यादींत पहिलीं असावींत. मग बाकीच्यांचीं नांवें चिठ्ठ्या टाकून काढावींत. गाण्याच्या परीक्षा दिलेल्यांनाच न्यावें ही सूचना आम्हांस पसंत नाहीं. ज्याला कांहींच येत नाहीं तोच अधिक कोरा व म्हणून अधिक ऐकणारा असतो.

वर्गशिक्षकांनीं आधींच्या आठवड्यांत पेटीवर वरील सात राग एकदां वाजवून दाखवावे. नांवें पाठ नाहीं झालीं तरी चालेल. प्रत्येकानें एक शाल किंवा घोंगडी, पाण्याची बाटली व टोपी घ्यावी. दुपारीं ऊन व रात्रीं हींव, दोन्ही लागतात. वही घ्यावी, पण गाणें चालू असतां लिहूं नये.

सभेचा शेवट कसा होतो तेंही सांगून ठेवावें, म्हणजे मुलें चपला शोधण्यास आधीं उठणार नाहींत. शेवटचें गाणें पूर्वीं भीमसेन गात. त्यांच्यानंतर बरींच वर्षें तो मान प्रभाताई अत्रे यांच्याकडे होता. १३ जानेवारी २०२४ रोजीं त्याही गेल्या. अखेरच्या दिवशीं सर्व कलावंत उठून गेल्यावर सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावण्याची येथें चाल आहे. रिकामें व्यासपीठ, समोर हजारों माणसें, आणि खरखरणाऱ्या तबकडींतून येणारा तो बारीक, दूरचा आवाज. ज्यांच्या नांवानें हें सर्व चाललें आहे त्यांना तेथें जमलेल्यांपैकीं जवळजवळ कोणींच पाहिलेलें नसतें. त्या दोन-तीन मिनिटांत कोणी बोलत नाहीं.

त्यानंतर गाडी निघून नगरास येईपर्यंत रात्रीचा एक वाजेल. मुलें झोंपलेलीं असतील. सोमवारचे पहिले दोन तास माफ करावे, अशी मुख्याध्यापकांस आमची विनंति आहे. आणि पालकांस ही, कीं संमतिपत्र येतांच त्यावर त्याच दिवशीं सही करावी. डिसेंबरांतील तिकिटें संपावयास वेळ लागत नाहीं.